बारा ते सोळा वयाच्या वाचकासाठी
मराठी प्रकाशकांना खुलं पत्र

कपिलधार, ता. जि. बीड

प्रति,
मराठी पुस्तकांचे सर्व प्रकाशक,
मुंबई, पुणे, छत्रपती संभाजीनगर, नागपूर, कोल्हापूर



मी मुलांसाठी आणि कुमारवयीनांसाठी कथा-कादंबऱ्या लिहिते. नोकरी जिल्हा परिषदेच्या शाळेत, लेखन शाळा सुटल्यावर. मराठीत मुलांसाठी लिहिणारे बहुतेक जण असेच लिहितात. या लेखनावर घर चालत नाही, हे तुम्हाला माझ्याहून अधिक ठाऊक आहे. पैशाचं पुढे बोलेनच. आधी वाचकाचं बोलते. तुमच्या याद्यांमधून एक अख्खा वाचक गळाला आहे आणि तो माझ्यासमोर वर्गात रोज बसतो.

तुमच्या कुणाच्याही बालविभागाची यादी काढून बघा. चित्रांची पुस्तकं आहेत, बोधकथा आहेत, थोरांची चरित्रं आहेत, शब्दकोडी आहेत. चौथी-पाचवीपर्यंतच्या मुलाला पुरेल एवढं आहे आणि त्यातलं काही खरोखर उत्तम आहे. माधुरी पुरंदरे यांची पुस्तकं मी वर्गात वाचून दाखवते तेव्हा मागच्या बाकावरची पोरंसुद्धा पुढे सरकतात. पण हेच मूल सहावीत गेलं, मुलाचा आवाज फुटायला लागला, मुलगी वयात आली, की तुमची यादी एकदम ‘मृत्युंजय’वर आणि तिथून स्पर्धा परीक्षेवर जाते. मधल्या चार-पाच वर्षांत मुलानं काय वाचायचं? सातवीतली मुलगी मला विचारते, ‘बाई, माझ्याएवढ्या मुलीची गोष्ट आहे का?’ आमच्या शाळेच्या कपाटात नाही. बीडच्या दुकानांतही मला क्वचितच मिळते.

तशी एक गोष्ट मी लिहिली. तेरा वर्षांची मुलगी. आई-बाप दसरा-दिवाळी झाली की ऊसतोडीच्या टोळीबरोबर साखर कारखान्यावर जातात, ती आजीजवळ गावात राहते. धाकट्या भावाला शाळेत पाठवते, मुकादमाकडून घेतलेल्या उचलीचा हिशोब तिला तोंडपाठ आहे, आणि घरात तिच्या लग्नाची कुजबुज सुरू झाली आहे. एका प्रकाशनसंस्थेनं हस्तलिखित मनापासून वाचलं आणि कळवलं, की मुलांच्या पुस्तकात लग्नाचा विषय चालणार नाही. दुसरीकडून उत्तर आलं, की मोठ्यांच्या यादीत घ्यायला नायिका फारच लहान आहे. आणखी एकानं सुचवलं, की बत्तीस पानांत बसवा, वय आठपर्यंत खाली आणा, लग्नाऐवजी शाळेतली स्पर्धा घाला, चित्रं आम्ही काढून घेतो. तिघांचीही भाषा आदराची होती. माझी तक्रार त्यांच्या वागण्याबद्दल नाहीच. तेरा वर्षांची नायिका आणि तेरा वर्षांची वाचक यांना जागाच नाही, ही माझी तक्रार आहे.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१च्या पाहणीत महाराष्ट्रातल्या वीस ते चोवीस वर्षांच्या स्त्रियांपैकी २१.९ टक्के जणींचं लग्न अठरा पूर्ण होण्याआधी झालेलं आढळलं. बीड जिल्ह्यात हेच प्रमाण चाळीस टक्क्यांच्या वर होतं. ज्या विषयावर तहसीलदार, अंगणवाडीताई, पोलीस आणि शिक्षक या मुलींशी बोलतात, त्या विषयावर फक्त गोष्टीनं बोलायचं नाही, असं तुम्ही ठरवलंत. मुलीचं लग्न ठरू शकतं, पण तिला ते वाचता येत नाही. हा नियम कुणी केला, ते मला कळलेलं नाही.

तुम्ही म्हणता, या वयाचा वाचकच नाही. पण तुमच्याच याद्या त्याच्या बाजूनं साक्ष देतात. मिलिंद बोकील यांची ‘शाळा’ घ्या. नायक नववीतला. आवृत्त्यांवर आवृत्त्या निघाल्या, त्यावर चित्रपट निघाला. प्रकाश नारायण संतांचा लंपन घ्या, ‘वनवास’पासून ‘झुंबर’पर्यंत चार पुस्तकं. आमच्या मराठवाड्यातले बाबा भांड घ्या. त्यांच्या ‘दशक्रिया’तला पैठणच्या घाटावर राखेतून नाणी वेचणारा पोर विसरता येत नाही; त्यावरच्या चित्रपटाला ६४व्या राष्ट्रीय पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा मान मिळाला. ही सगळी मुलं ऐन कुमारवयातली किंवा त्याच्या उंबरठ्यावरची. तरी पुस्तकं मोठ्यांच्या कपाटात लागली आणि मोठ्यांनी ती आपलं हरवलेलं बालपण आठवत वाचली. नववीतल्या मुलाला ‘शाळा’ थोरल्या भावाकडून, लपूनछपून मिळते. माझ्या मते मराठीत उत्तम कुमारसाहित्य लिहिलं गेलेलं आहे. ते ज्यांच्यासाठी हवं त्यांच्या हातात द्यायची व्यवस्था मात्र तुम्ही उभी केली नाही. आणि व्यवस्था नाही म्हणून त्यापुढचं लिहिलं जात नाही.

भा. रा. भागवतांनी ती व्यवस्था एकट्यानं उभी केली होती. १९१० साली इंदूरला जन्मलेला हा माणूस आयुष्यभर मुलांसाठी लिहीत राहिला. ‘बालमित्र’ मासिक चालवलं, ज्यूल व्हर्नच्या विज्ञानकथा मराठी पोरांच्या ओळखीच्या केल्या, आणि फुरसुंगीचा बनेश फेणे दिला. हडकुळा, सायकलवरचा, ‘ट्टॉक्’ करणारा फास्टर फेणे. त्याची वीस पुस्तकं आली. त्यात चोर आहेत, हेर आहेत, युद्धही आहे. भागवतांनी वाचकाला लहान समजून काही लपवलं नाही. फुरसुंगी त्या काळी पुण्याबाहेरचं खेडं होतं, हेही लक्षात घ्या. खेड्यातून शहरात शिकायला आलेला पोर मराठीतला सर्वांत लाडका कुमारनायक झाला. भागवत २००१मध्ये गेले. २०१७मध्ये त्याच फेणेवर चित्रपट निघाला आणि लोक आपापल्या मुलांना घेऊन तो पाहायला गेले. एवढी वर्षं टिकलेला वाचक ‘नाही’ असं कसं म्हणता?

फेणेनंतर मात्र तुम्ही दुसरा फेणे मागितला नाहीत. आमच्याजवळच्या मांजरसुंब्याच्या चौकात धुळे-सोलापूर महामार्ग अहिल्यानगरहून येणाऱ्या रस्त्याला छेदतो. रात्रभर ट्रक चालू असतात. टपरीवर काम करणारी चौदा वर्षांची पोरं चालकाच्या बोलण्यावरून त्याचं राज्य ओळखतात. यातल्या एकाच्या नावानं दहा साहसकथा लिहिता येतील. लिहायला आम्ही तयार आहोत. मागणी तुमच्याकडून यायला हवी.

खेड्यात पुस्तकं विकली जात नाहीत, हे तुमचं आवडतं वाक्य. कार्तिकी पौर्णिमेला कपिलधारला या. संतकवी मन्मथस्वामींच्या समाधीला लातूर, नांदेड, धाराशिव, परभणीहून आणि सीमेपलीकडून कर्नाटकातून, तेलंगणातून दिंड्या येतात. चालून चालून पायांना फोड आलेली माणसं दर्शन घेतात, धबधब्याखाली अंग भिजवतात आणि परतताना स्वामींचा ‘परमरहस्य’ ग्रंथ विकत घेतात. जाड पोथी, बांधणी साधी, पण हातात आली की आधी कपाळाला लावतात. कमरेच्या पिशवीतून नोटा मोजून देणाऱ्या म्हाताऱ्या मी पाहिल्या आहेत. किमतीवरून घासाघीस होत नाही. त्या पोथीचा मजकूर मराठीच आहे आणि त्यांच्या घरात तो रोज वाचला जातो. म्हणजे पुस्तक विकत घ्यायची सवय या माणसांना आहे. त्याच यात्रेत त्यांच्या नातवंडांसाठी काय असतं? पिपाणी, फुगे, प्लॅस्टिकची बंदूक. त्या रांगेत चाळीस-पन्नास रुपयांची एक गोष्टीची चोपडी मला कधी दिसली नाही. मांडलीच नाही तर खपत नाही असं कुठल्या आधारावर म्हणायचं? तुमची गाडी पुण्या-मुंबईच्या प्रदर्शनाला जाते, साहित्य संमेलनाला जाते. कपिलधारच्या या यात्रेला एकदा आणून बघा. मात्र एक ध्यानात असू द्या. यात्रा भरते तोवर आमच्या भागातले कोयते, म्हणजे ऊसतोड जोडपी, गाव सोडून गेलेले असतात आणि त्यांच्यामागोमाग बरीच पोरंही. त्यांच्यापर्यंत पोचायचं तर कारखान्याच्या तळावर आणि मागे राहिलेल्यांसाठी हंगामी वसतिगृहात पुस्तकं न्यावी लागतील, तीही मार्चच्या आत.

आता संपादनाबद्दल. माझ्या हस्तलिखिताचं एक पान माझ्यासमोर आहे. ‘कोपी’ खाली लाल रेघ. ‘मोळी’ खाली लाल रेघ. ‘मुकादमानं उचल दिली’ या अख्ख्या वाक्याखाली रेघ आणि समासात शेरा : ‘मुलांना समजणार नाही, सोपे करावे.’ कोणत्या मुलांना? माझ्या वर्गातल्या निम्म्या मुलांनी कारखान्याच्या तळावरच्या कोपीत झोप काढलेली आहे. पुण्यातल्या मुलाला ते शब्द नवे असतील, तर गोष्टीच्या ओघात तो ते शिकेल. आम्ही लहानपणी फेणेच्या पुस्तकांतलं पुणं असंच शिकलो. बीडच्या पोरानं पेठांची नावं शिकायची आणि पेठेतल्या पोराला कोपी ठाऊक नसली तरी चालेल, हा व्यवहार एकतर्फी आहे. संपादकानं कथानकातली ढिलाई दाखवावी, लांबलेला प्रसंग कापावा, मी हातात पेन घेऊन बसते. बोली धुऊन काढायचं काम मात्र कृपा करून थांबवा.

पैशाचं बोलायचं म्हटलं होतं. मुलांच्या पुस्तकाला एकरकमी पैसे आणि त्या बदल्यात सगळे हक्क, ही पद्धत आमच्याकडे इतकी रुळली आहे की नवे लेखक तोच कायदा समजतात. काही वेळा पैशाच्या जागी पुस्तकांचा गठ्ठा येतो. प्रताधिकार कायदा १९५७चा आहे आणि त्याचं कलम १९ अगदी साधं आहे : हक्क द्यायचे तर लेखी द्यावे लागतात, त्यावर सही लागते. करारात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षांची धरतात, आणि प्रदेश लिहिला नसेल तर करार भारतापुरता असतो. हक्क घेऊन वर्षभर काहीच केलं नाही, तर करारात वेगळं ठरलेलं नसल्यास ते लेखकाकडे परत येतात. कलम ५७ प्रमाणे हक्क विकले तरी लेखक म्हणून ओळखलं जाण्याचा अधिकार जात नाही. यातलं किती तुम्ही नवोदिताला सही घेण्यापूर्वी सांगता? आणि चित्रकारांचं तर नाव शोधावं लागतं. मुलांच्या पुस्तकात निम्मी गोष्ट चित्रकार सांगतो. त्याचं नाव श्रेयनामावलीच्या पानावर बारीक अक्षरात छापून भागत नाही, मुखपृष्ठावर हवं.

कागद महागला आहे, छपाई महागली आहे, दुकानदाराला सवलत द्यावी लागते, हे मला मान्य आहे. पण त्याचा भार दरवेळी लेखकावरच का पडतो? साने गुरुजी १९५० साली गेले. प्रताधिकाराची साठ वर्षांची मुदत २०१०च्या अखेरीस संपली आणि तेव्हापासून ‘श्यामची आई’ कुणीही छापू शकतं. म्हणूनच ती आज इतक्या नावांनी, इतक्या मुखपृष्ठांत, इतक्या स्वस्तात मिळते. ती घराघरात गेली याचा मला आनंद आहे. माझ्याही घरात आहे. पण मुलांच्या पुस्तकांची खरेदी म्हटलं की मानधन द्यावं न लागणाऱ्या पुस्तकांनी कपाट भरायचं आणि आज लिहिणाऱ्यांनी वाट पाहायची, याला धोरण म्हणता येणार नाही. गुरुजींनी ते पुस्तक तुरुंगात लिहिलं तेव्हा ते त्यांच्या काळातलं ताजं पुस्तक होतं. आजच्या मुलांनाही त्यांच्या काळातलं ताजं पुस्तक हवं.

साहित्य संस्थांनाही एक शब्द, कारण तुमचा त्यांच्यावर प्रभाव आहे. साहित्य अकादेमीनं २०१०पासून बालसाहित्यासाठी वेगळा पुरस्कार सुरू केला, ते चांगलं झालं. मराठवाड्याला त्यात भरभरून मिळालं : बाबा भांड, जालन्यात जन्मलेले भारत सासणे, नांदेडचे सुरेश सावंत. पण मुख्य पुरस्काराची रक्कम एक लाख आणि मुलांसाठी लिहिणाऱ्याला पन्नास हजार. निम्म्या वयाच्या वाचकासाठी लिहिणं म्हणजे निम्मं लेखन, असा त्याचा अर्थ होतो. मी तो मानत नाही. पुरस्काराची बातमी छापून येते, पुस्तकाचं परीक्षण मात्र येत नाही. कुमार कादंबरीवर सविस्तर, कठोर, जाणकार परीक्षण मी शेवटचं कधी वाचलं ते सांगता येणार नाही. आम्हाला कौतुक पुरे झालं. कुणीतरी नीट वाचून दोष दाखवा.

मग तुमच्याकडे मागते काय? पहिली मागणी अशी, की तुमच्या यादीत बारा ते सोळा वयासाठी स्वतंत्र विभाग करा आणि वर्षाला निदान दोन नव्या मूळ मराठी कादंबऱ्या त्यात काढा. भाषांतरं हवीतच, पण ती मूळ लेखनाच्या जागी नकोत. विकायचं कुठे म्हणाल, तर समग्र शिक्षा योजनेत २०१८पासून शाळेच्या पातळीप्रमाणे वर्षाला ५ हजार ते २० हजार रुपयांच्या ग्रंथालय अनुदानाची तरतूद आहे. गावोगावी ‘ड’ वर्गाची ग्रंथालयं आहेत. त्यांच्या खरेदीसाठी तुम्ही संच तयार करता. त्या संचात पाककृती आणि राशिभविष्याच्या जोडीला कुमार कादंबरी घाला, एवढं तर तुमच्या हातात आहे.  आम्हा शिक्षकांपर्यंत नमुना प्रत आणि यादी पोचली तर आम्ही तुमची बाजू मुख्याध्यापकांपुढे मांडू.

तुमच्यापैकी जे दिवाळी अंक काढतात त्यांच्याकडे वेगळी विनंती. बंगालीत पूजेच्या अंकांसाठी मोठमोठे लेखक किशोरांसाठी कादंबरी लिहितात. सत्यजित राय यांनी गुप्तहेर फेलूदा ‘संदेश’ या मुलांच्या मासिकात आणला, सुनील गंगोपाध्याय यांनी काकाबाबूच्या साहसकथा लिहिल्या, आणि त्यामुळे त्यांचं मोठ्यांचं लेखन कुणी कमी लेखलं नाही. मराठीला दिवाळी अंकाची परंपरा १९०९पासूनची आहे. बालभारतीचं ‘किशोर’ १९७१पासून सरकारी चौकटीत राहून मुलांचं काम निष्ठेनं करतं आहे, पण एका मासिकानं साऱ्या मराठी मुलांचा भार किती वाहायचा? प्रत्येक मोठ्या दिवाळी अंकात एक दीर्घ कुमारकथा असावी आणि ती तुम्ही तुमच्या नामवंत कथाकारांकडून हक्कानं मागावी.

आणि करार. तुमच्या संघटनांनी एकत्र बसून मुलांच्या पुस्तकासाठी मराठीत एक आदर्श करारपत्र काढावं. त्यात मानधनाची टक्केवारी असावी, मुदत असावी, प्रती किती छापल्या आणि किती विकल्या याचा वार्षिक हिशोब असावा, चित्रकाराचा वाटा असावा. तो मसुदा जाहीर करा, म्हणजे कपिलधारच्या शिक्षिकेला आणि मुंबईच्या लेखकाला एकाच कागदावर सही करता येईल. यासाठी सरकारची परवानगी लागत नाही, अनुदानही लागत नाही.

माझी कादंबरी मी बत्तीस पानांची करणार नाही आणि तेरा वर्षांच्या मुलीला आठ वर्षांचीही करणार नाही. ती आहे तशी छापायची ज्यांची तयारी असेल त्यांनी कळवावं. माझ्यासारख्याच आणखी लेखकांची हस्तलिखितं या जिल्ह्यात आणि शेजारच्या जिल्ह्यांत पडून आहेत, तीही मागवा. जून महिन्यात शाळा उघडते तेव्हा सातवीचा नवा वर्ग माझ्यासमोर येईल. त्याआधी तुमचं उत्तर यावं, ही विनंती.



आपली,
मुलांसाठी लिहिणारी एक शिक्षिका
कपिलधार